एक शून्य इकडं-तिकडं

सकाळी 6.10
शिरूर. जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. जानेवारीतली थंडी आहे. नळ सहाला आलाय, साडेसहाला जाणार. मॅडमनी एक बादली भरून बाजूला सारली, दुसरी लावली. बादलीच्या आत नेलपेंटनं लाल रेघा मारल्यात. 5, 10, 15. लिटर. ही बादली एकदा शाळेत जाऊन आलेली आहे.

चहा ठेवला. अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी कोपऱ्यात कापली, दूध ओतलं, पिशवी धुवून दोरीवर टांगली. ‘500 मिली’ ज्या बाजूला छापलंय तिथं कात्री लागू द्यायची नाही, हा घरचा नियम. दोरीवर अशा चार पिशव्या वाळतायत.

कापडी पिशवीत आजचं सामान भरणं चाललंय. शिंप्याची टेप. लोखंडी टेप. खोकल्याच्या औषधावर येतात तसली मापाची प्लॅस्टिकची टोपणं, डझनभर. पाण्याची 200 मिलीची बाटली. दहा किलोपर्यंत मोजणारा डिजिटल काटा, साडेतीनशे रुपयांचा, स्वतःच्या पैशानं घेतलेला. आणि बिस्किटपुड्यांची तीन रिकामी वेष्टनं, एकाच बिस्किटाची, वेगवेगळ्या वर्षांतली. किंमत तिन्हींवर पाच रुपये. ग्रॅम तिन्हींवर वेगळे, कमी कमी होत आलेले.

मॅडम शिक्षणसेवक आहेत. जिल्हा परिषदेची शाळा. तीन वर्षं मानधन, त्यानंतर वेतनश्रेणी. मानधन महिना 16,000. जानेवारी 2023 च्या आधी ते 6,000 होतं, म्हणजे आपण नशीबवान, असं त्या म्हणतात आणि हसत नाहीत. खोलीचं भाडं साडेतीन हजार.

8.50
स्कूटर. मी मागं, पिशवी दोघांच्या मध्ये. शाळा दौंड तालुक्यात आहे, भीमेपलीकडं, पारगावच्या बाजूला. जाऊन-येऊन सत्तरेक किलोमीटर. गाडी लिटरला पंचेचाळीस देते. म्हणजे रोज दीड लिटरच्या थोडं वर. पेट्रोल शंभराच्या पुढं. महिन्याला साडेतीन हजार याच्यात जातात. म्हणजे भाडं दोनदा भरल्यासारखं.

न्हावऱ्याला उसाचे ट्रॅक्टर सुरू झाले. एकाला दोन ट्रॉल्या, मागं लाइट नाही, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. ओव्हरटेक करायचा तर समोरचं दिसत नाही. मॅडम धीरानं मागं राहतात. एका ट्रॉलीवर वाढ्यांच्या ढिगात दोन पोरं बसलीत. शाळेच्या वयाची. मॅडमनी हॉर्न वाजवला, हात केला. पोरांनीही केला. ही पोरं त्यांच्या शाळेतली नव्हेत.

भीमेचा पूल ओलांडला की तालुका बदलतो. वासही बदलतो. दौंडच्या या पट्ट्यात गुऱ्हाळं आहेत, रस्त्याच्या दोन्ही अंगांना धुराडी दिसतात. सकाळच्या थंडीत उकळत्या रसाचा वास खाली बसून राहतो.

10.00
दोन खोल्या, एक व्हरांडा, पत्र्याचं स्वयंपाकघर. पहिली ते पाचवी, शिक्षक दोन. पटावर 31. पहिली ते तिसरी गुरुजींकडं, चौथी-पाचवी मॅडमकडं एकत्र.

साडेदहाला परिपाठ. प्रार्थना, प्रतिज्ञा, पंचांग, सुविचार, आणि शेवटी एका पोरानं सगळ्यांना एक रूपांतर विचारायचं. आज पाचवीतल्या एकाची पाळी. त्यानं रात्रभर जपून ठेवलेला प्रश्न काढला. ‘एक क्विंटल म्हणजे किती ग्रॅम?’

शांतता. पहिलीतला एक म्हणाला, ‘लई.’

उत्तर एक लाख. ते निघेपर्यंत गुरुजींनी हजेरी उरकली. आज हजर 27.

11.05
गणिताचा तास स्वयंपाकघराच्या दारात भरतो. दारात काटा, काट्यावर पातेलं, बाजूला मावशी. मावशी स्वयंपाकी-मदतनीस. मानधन महिना 2,500, तेही वर्षाचे दहा महिने. त्या पावणेअकरालाच येऊन डाळ निवडत बसलेल्या असतात.

पोषण आहाराचं माप सरकारनं ठरवून दिलंय. पहिली ते पाचवीच्या एका मुलामागं तांदूळ 100 ग्रॅम, डाळ 20 ग्रॅम, भाजी 50 ग्रॅम, तेल 5 ग्रॅम. फळ्यावर हे चार आकडे कायम रंगवलेत. पोरांनी हजेरीच्या आकड्यानं गुणायचं, मोजून द्यायचं, आणि साठ्याच्या वहीत किलोत लिहायचं. वहीत ग्रॅमचा रकानाच नाही. खरं शिकवणं तिथं सुरू होतं.

तांदूळ सोपा. सत्तावीसशे ग्रॅम. दोन किलो सातशे. 2.700. काट्याचा आकडा आणि वहीतला आकडा सारखाच, त्यामुळं कुणाचं काही अडलं नाही.

डाळ 540 ग्रॅम. एका मुलीनं 0.540 लिहिलं, दुसऱ्यानं 0.54. दोघं भांडायला लागले. शेवटचं शून्य असलं काय, नसलं काय? मॅडमनी उत्तर दिलं नाही. दोघांना वेगवेगळी डाळ मोजायला लावली. काट्यावर दोघांची डाळ सारखीच आली. शून्यवाली म्हणाली, ‘पण माझं नीट दिसतंय.’ तेही खरं आहे. साठा तपासायला येणाऱ्या साहेबांनाही तीन घरंच लागतात.

भाजी 1350 ग्रॅम, म्हणजे 1.350. तेल 135 ग्रॅम.

तेलाच्या रकान्यात पोरानं लिहिलं: 1.35.

मावशींना वाचता येतं, पण दशांश चिन्हाशी त्यांची ओळख नाही. तरी त्यांनीच पकडलं. ‘सव्वा किलोच्या वर त्याल? खिचडी करायची का भजी?’ पोरं हसली. लिहिणारा आधी हसला, मग त्याला कळलं. भाजीचा आकडा तेलाला गेला होता. त्यानं खोडलं आणि 0.135 केलं. त्या खाडाखोडीवर मॅडमना सही करावी लागली, कारण वहीत खाडाखोड चालत नाही.

मला यातली मावशींची जागा महत्त्वाची वाटते. त्यांना उत्तर माहीत नव्हतं. तेल हाताला किती लागतं ते माहीत होतं. पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणाला असा कुणी हटकणारा नसतो. तिथं 135 ग्रॅमचे 1.35 किलो झाले तर शेजारी लाल फुली पडते, एवढंच.

तेल ओतताना आणखी एक भानगड निघाली. पिशवीवर दोन आकडे होते. 1 लिटर, आणि खाली बारीक अक्षरात 910 ग्रॅम. एकानं विचारलं, ‘लिटर म्हणजे किलोच ना?’ गावात तसंच म्हणतात. दूध किलोनं सांगतात, घेतात लिटरनं. मॅडमनी पिशवीतली 200 मिलीची बाटली काढली. काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणला, पाणी भरलं. 200 ग्रॅम. पाणी ओतून कोरडी केली, तेल भरलं. 182. नंतर एका मुलीच्या घरून आलेलं दूध भरलं. 206 वर काटा थरथरत राहिला.

तेल हलकं, दूध जड, पाणी बरोबर. मीटरचं सेंटिमीटर करता येतं, लिटरचं मिलिलिटर करता येतं. लिटरचं किलो करायचं तर आत काय आहे ते आधी विचारावं लागतं. पंचवीस मिनिटं यातच गेली. वेळापत्रकात ही पंचवीस मिनिटं कुठंच नाहीत.

12.00
अंगणात खडूनं सात घरं आखलीत. किलो, हेक्टो, डेका, मधलं घर मूळ एककाचं, मग डेसी, सेंटी, मिली. बालभारतीच्या पुस्तकात हीच रांग आहे. पोरं तोंडपाठ म्हणतात, लंगडी घालत एका घरातून दुसऱ्यात जातात. एक घर ओलांडलं की दहापट. हातात खडा, तो म्हणजे दशांश चिन्ह. खडा आकड्यांच्या मधून आपल्याबरोबर न्यायचा.

खेळ बरा चालतो. पण पोरं मधली घरं उडी मारून ओलांडतात. त्यांचं चुकतही नाही, कारण डेकामीटर कुणी बघितलाय? गावात किलो आहे, मिली आहे, सेंटी आहे. डेसी फक्त गणपतीत ऐकू येतो, डीजेवाल्याला पोलीस डेसिबल सांगतात तेव्हा. डेका तर कुठंच नाही. शिडीच्या मधल्या पायऱ्या गावानं कधी वापरल्याच नाहीत, आणि पोरांना चढायचं त्यांच्यावरूनच.

हेक्टो मात्र आहे. सातबाऱ्यावर.

मॅडमनी एका जुन्या उताऱ्याची झेरॉक्स आणलीय. नावं काळ्या पेननं झाकलेली. क्षेत्राच्या रकान्यात 0.81.00. हेक्टर, आर, चौरस मीटर. वर्गात खडबडून जाग आली. सातबारा हा शब्द कानावर आला की या पट्ट्यातलं पाचवीचं पोरही सरसावून बसतं.

‘एका आरात शंभर चौरस मीटर. शंभर आरांचा हेक्टर. मग हे किती झालं?’

‘एक्याऐंशी आर.’

‘एकरात?’

‘दोन एकर,’ मागून आवाज. ‘आमचीबी दोनच एकर हाय. आमच्याबी उताऱ्यावर एक्याऐंशी हाय.’

‘दोन एकराचे गुंठे किती?’

‘चाळीस दुणे ऐंशी.’ आणि मग तो थांबला. घरात ऐंशी, कागदावर एक्याऐंशी. ‘एक जास्त दिलंय सरकारनं.’

इथं मॅडम खाली बसल्या. गुंठा म्हणजे 33 फूट लांब, 33 फूट रुंद. चौरस मीटरमध्ये 101 हून थोडं जास्त. आर बरोबर शंभरचा. आर गुंठ्याहून चिमूटभर लहान. लहान मापानं तीच जमीन मोजली तर आकडा वाढणार. जमीन तेवढीच.

‘माप बारीक,’ मॅडम म्हणाल्या. ‘आकडा मोठा,’ पोरं म्हणाली. हे त्यांचं रोजचं आहे. रूपांतरात पोरं गुणाकाराला अडत नाहीत. गुणायचं का भागायचं, तिथं अडतात. किलो मोठा म्हणून किलोचा आकडाही मोठा असणार, असं त्यांना आतून वाटतं, आणि ते वाटणं सहजासहजी जात नाही.

दोन एकरवाला जरा नाराज झाला. वाढीव गुंठा गेला.

1.40
जेवण. खिचडी. एक मुलगा ताट काट्यावर ठेवून खातोय आणि दर घासाला आकडा बघतोय. मावशी त्याला तिथून हाकलतात.

2.20
व्हरांड्यात एक मुलगी एकटी लिहीत बसलीय. बीडकडची. आईबाप ऊसतोडीला आलेत, टोळी गावाबाहेर कोप्या टाकून राहते. तिच्याजवळ शिक्षण हमी कार्ड आहे. गावाकडच्या शाळेनं दिलेलं, म्हणजे इथं नाव न घालता बसता येतं. चौथीत आहे. वाचताना अडते. टन मात्र वर्गात तिच्याइतका कुणालाच कळत नाही.

‘एका टनात किती मोळ्या?’ मॅडमनी विचारलं.

‘मोळी कुणाची? आईची का नानांची?’

हा प्रश्न योग्य होता. आईची मोळी हलकी असते. मॅडम म्हणाल्या, वीस किलोची धर.

तिनं हजारातून वीस-वीस कमी करत नेले नाहीत. शंभरात पाच, हजारात पन्नास, असं बोटांवर केलं. ‘पन्नास.’

‘टनाला किती मिळतात?’

2024 च्या जानेवारीत तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली. आता टन साडेतीनशेच्या पुढं आहे. पण पोरीला साडेतीनशेच माहीत होतं, आणि भागायलाही ते बरं. साडेतीनशे भागिले पन्नास. तिनं पाटीवर केलं. सात आले.

‘सात काय?’ मॅडमनी विचारलं. एकक लिहायचं राहिलं की त्या सोडत नाहीत.

‘सात रुपये. एका मोळीचे.’ आणि लगेच, ‘तोडायचे, बांधायचे, डोक्यावरून गाडीत टाकायचे, समद्याचे.’

पाटीवर तिनं ‘7 रु.’ लिहिलं. मॅडमनी बरोबरची खूण केली आणि पुढचं गणित दिलं.

3.30
दोघां-तिघांच्या घरातलं कुणी ना कुणी रेल्वेत आहे. दौंड मोठं जंक्शन, पाटस आणि केडगावही याच लाइनवर. एकाचा मामा ट्रॅकमन. मामानं त्याला सांगितलंय की दोन रुळांच्या आतल्या कडांमध्ये 1676 मिलिमीटर असतात आणि रूळ तपासताना तेवढेच भरावे लागतात.

अंगणात रूळ काढायचे ठरले. शिंप्याची टेप दीडशे सेंटिमीटरची. ती अपुरी पडली, आणि मला वाटतं ती मुद्दामच आणली होती. कारण आता 1676 मोडावे लागणार. 1 मीटर, 67 सेंटिमीटर, 6 मिलिमीटर. दीड मीटरला खूण, तिथून पुढं 17 सेंटिमीटर, मग 6 मिलिमीटर. खडूची रेघच पाच-सहा मिलिमीटर जाड आली. मग रेघेची आतली कड धरायची की बाहेरची, यावर वाद. मामाच्या म्हणण्याप्रमाणं आतली.

रूळ झाले. सगळी चौथी-पाचवी त्याच्यामध्ये एका रांगेत उभी राहिली आणि दौंडकडं निघाली.

4.15
शिष्यवृत्तीची पोरं पाच. यांच्यासाठी घंटेआधीचा पाऊण तास वेगळा. छापील प्रश्नसंच, झेरॉक्स पानाला दोन रुपये.

‘2 किलो 50 ग्रॅम = किती ग्रॅम?’ पाचातल्या तिघांनी 250 लिहिलं. दोन आणि पन्नास शेजारी ठेवले, झालं. वर्षानुवर्षं हा प्रश्न येतो आणि वर्षानुवर्षं असाच मार्क खातो.

भिंतीला टेकून एक आजोबा नातवाची वाट बघतायत. त्यांना हे कळेना. ‘आमच्या टायमाला दोन रुपये पाच पैसे कसं लिहायचो? दोन, टिंब, शून्य, पाच. पैशाला दोन घरं ठेवायचीच.’ रुपयाचे शंभर पैसे 1 एप्रिल 1957 पासून झाले, किलो-ग्रॅम त्याच्या पुढच्या वर्षापासून टप्प्याटप्प्यानं आले. आजोबांच्या शाळेत दोन्ही एकदमच नवीन होतं. घरात अजून पायली आणि मापटं आहे, धान्य काढायला. या पाच पोरांनी पाच पैसे पाहिलेले नाहीत. चार आणेही 2011 मध्ये बंद झाले. टिंबानंतरची घरं हाताळायला त्यांच्या खिशात काही नाही.

मॅडमनी काटा काढला. दोन किलोचं वजन म्हणून दोन लिटर पाण्याच्या बाटल्या, वर 50 ग्रॅम शेंगदाणे. काटा 2.1 च्या आसपास दाखवायला लागला. बाटल्यांचं वजन मोजायचं विसरलं होतं. ते वजा केलं. मग 2.050 आले. मधलं शून्य पोरांनी बोट लावून पाहिलं. शेंगदाणे वाटून खाल्ले.

पाच वाजता घंटा. जाताना प्रत्येकाला एक मापाचं टोपण. घरी जे काही झाकणानं, वाटीनं, चमच्यानं मोजतात, त्याचं माप काढून आणा. पाण्यानंच मोजा, दुसरं काही भरू नका.

5.25
वाटेत एका गुऱ्हाळावर थांबलो. काहिलीतला रस दाट होत आलेला, गुळव्या फावड्यानं ढवळतोय आणि मधूनच थेंब पाण्यात टाकून गोळी होते का बघतोय. त्याचं माप तेच. चुलवाणात चिपाडं टाकणारी दोन माणसं उत्तर प्रदेशातली, इथं कितीतरी गुऱ्हाळांवर तिकडचेच लोक आहेत. मालकानं इलेक्ट्रॉनिक काटा घेतल्यापासून जुनी लोखंडी वजनं कोपऱ्यात पडलेली. किलो, अर्धा किलो, दोनशे, शंभर, पन्नास. बुडाला शिसं, शिशावर वैधमापन खात्याचे शिक्के. वजनं दर दोन वर्षांनी तपासून शिक्का घ्यावा लागतो. यांच्यावरचा शेवटचा शिक्का बराच जुना.

मॅडम महिनाभर ती मागतायत. आज मालक म्हणाले, ‘न्या. पण दुकानात वापरू नका, दंड आम्हाला बसंल.’ सोबत किलोभर गूळही घेतला. पैसे घ्यायला ते तयार नव्हते, मॅडमनी काट्याशेजारी ठेवले.

वजनांच्या भारानं स्कूटर पुलाच्या चढावर घुसमटली.

6.40
न्हावऱ्याच्या पुढं पंप. दोनशेचं पेट्रोल. मीटरवर लिटरचा आकडा 1.90 वर थांबला. मॅडमनी डायरीत रुपये आणि लिटर दोन्ही लिहिले. उद्याच्या परिपाठाला हा आकडा जाणार: एक लिटर नव्वद, का एक लिटर नऊशे?

8.45
खोली. पोषण आहाराची आजची माहिती ॲपवर सकाळी गेली नव्हती, शाळेत रेंज नाही. आता भरली. भाकरी झाली. बावीस वह्यांपैकी नऊ तपासून झाल्या आणि फोन वाजला. दोन एकरवाल्याचे वडील.

‘मॅडम, जेवण झालं का?’

झालं, म्हणाल्या. झालेलं नव्हतं.

‘उद्या कांद्याला फवारायचंय. बाटलीवर लिटरला दोन मिली लिहिलंय. पंप पंधरा लिटरचा. दुकानदार म्हणाला दोन झाकणं टाका. पोरगं म्हणतंय चुकतंय.’

‘पोराला द्या.’

पोरगं आलं. ‘पंधरा दुणे तीस. तीस मिली पायजे.’

‘झाकण केवढ्याचं?’

‘मोजलं. पाण्यानंच. तुमचं टोपण दहाचं. झाकणात दोन टोपणं बसतात.’

‘म्हणजे?’

‘वीस. दोन झाकणं म्हणजे चाळीस व्हतंय.’

‘मग किती टाकायचं?’

‘दीड.’

‘दीड काय?’

‘दीड झाकण.’

टोपण आता घरात ठेवू नको, परत आणू नको, पुरून टाक, मॅडमनी बजावलं. पुन्हा वडील फोनवर आले. पंपाला दहा मिली, एकराला दहा-बारा पंप, दोन एकर. त्यांनी मनात काहीतरी जुळवलं.

‘म्हंजे बाटली एक कमी लागंल की, मॅडम.’